'स्वस्तात इटली' म्हणणाऱ्याला एकदा आमच्या घरी आणा

गेले तीन महिने आमच्या घरात इटली सोडून दुसरा विषय नाही आणि आज डोकं इतकं फिरलंय की हे सगळं लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही मला.

झालं असं की लग्नाला पाच वर्षं होतायत. हनिमूनला महाबळेश्वरला गेलो होतो, तेही तीन दिवस, कारण तेव्हा फ्लॅटचं डाऊन पेमेंट डोक्यावर होतं. तेव्हाच ठरवलेलं की पाचव्या वर्षी इटली. सहा दिवस, दोघंच, अडीच लाखांत बसवायचं. आता हे अडीच लाख कुठून आले तर एका रीलमधून. एक पोरगी कुठल्यातरी गच्चीवर पास्ता खात सांगतेय की 'फक्त ७० हजारात इटली', नवऱ्याने मला पाठवली, मी सेव्ह केली, मग दोघांचं अडीच लाखांत आरामात बसेल म्हणून आम्ही दोघं खूश. चार वेळा बघितल्यावर लक्षात आलं की बाई जर्मनीत राहते आणि बसने गेलेली! त्यात विमान नाही, व्हिसा नाही, इन्शुरन्स नाही. म्हणजे 'फक्त पन्नास रुपयांत पुरणपोळी' म्हणायचं आणि डाळ, गूळ, तूप, गॅस तुमचा तुम्ही आणा.

मुंबईहून विमान बघितलं, दुबई-दोहा असं कुठूनतरी बदलून, माणशी ४६ हजार. ठीक आहे म्हटलं. नवरा म्हणाला रात्री निवांत बसून करू. रात्री निवांत बसलो तर ५३. सकाळी परत ४८. हे काय भाजी मार्केट आहे का? आणि भाजीवाली निदान कोथिंबीर तरी वर टाकते.

पण तिकिटाचा राग मी गिळला असता. खरा राग आहे तो व्हिसाचा, आणि व्हिसा मिळेल की नाही यापेक्षाही त्याच्यामागचं जे गणित आहे ना, त्याचा. बघा, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, अर्जाला विमानाचं रिझर्वेशन दाखवायचं, रोजच्या रात्रीच्या हॉटेलचं दाखवायचं, कुठल्या दिवशी कुठे असणार त्याचा तक्ता द्यायचा. आणि वरून सल्ला काय, तर व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका! अरे मग दाखवू काय? जे स्वस्त असतं ते नॉन-रिफंडेबल असतं, मग ते विमान असो, हॉटेल असो नाहीतर रोम-फ्लोरेन्सची फास्ट ट्रेन. कॅन्सल करता येणारी तीच खोली घ्यायची तर रात्रीला वीस-पंचवीस युरो जास्त. म्हणजे ज्याला पैसे वाचवायचेत त्याने पैसे बुडायची रिस्क घ्यायची, नाहीतर जास्त भरायचे. ज्याला काही फरक पडत नाही तो मजेत सगळं रिफंडेबल घेऊन बसतो. आणि युरो शंभरीपार गेलाय, त्यामुळे पंचवीस युरो ऐकायला छोटे वाटतात आणि गुणाकार केला की पोटात गोळा येतो.

फी माणशी ९० युरो. जून २०२४ च्या आधी ८० होती, वाढवली. वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. दोघांचे वीस हजार तिथेच, आणि नाकारला तर परत एक दमडी नाही. इन्शुरन्स ३०,००० युरोच्या कव्हरचा कम्पल्सरी, म्हणजे तीस लाखांच्या वर. तो स्वस्त मिळतो हे मान्य, पण सहा दिवसांत माझी किंमत पहिल्यांदाच कोणीतरी तीस लाख धरली याचं हसू यावं की रडू ते कळेना.

आता बँक. स्टेटमेंट पाहिजे, सही-शिक्क्याचं. आमच्या शाखेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम आता सगळं ऑनलाइन आहे, ॲपमधून काढा. काढलं. त्यावर शिक्का मारा म्हटलं तर म्हणे हे तुम्ही घरी प्रिंट केलंय, यावर नाही मारता येणार. मग तुम्ही प्रिंट करून द्या. प्रिंटर बंद आहे. तीन हेलपाटे, तीन! तिसऱ्यांदा प्रिंटर चालू होता तर शिक्केवाल्या मॅडम लंचला. सव्वा तास बसले बाकावर, समोर 'डिजिटल व्हा' असा बोर्ड.

एवढं करून घरी आले तर नवीनच भानगड. बँकेत मी सासरच्या आडनावाने, पासपोर्टवर माहेरच्या, कारण लग्नानंतर पासपोर्ट बदलायचा राहून गेला. आणि पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. आपल्या मराठी माणसांना मधलं नाव सोडवत नाही आणि त्या फॉर्मला मधल्या नावाचा डबाच नाही. मग मॅरेज सर्टिफिकेट जोडा, नोटरीकडून एफिडेव्हिट करा की ही आणि ती बाई एकच. पाचशे रुपये देऊन मी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की मी मीच आहे. नवऱ्याला यातलं काही नाही, त्याचं नाव जन्मापासून एकच. त्याला फक्त ऑफिसचं एनओसी आणायचं होतं, तर तेही दोन आठवडे लागले, कारण सातपूरच्या त्याच्या कंपनीतल्या एचआरने कधी कोणाला इटलीला पाठवलेलंच नाही, 'असा फॉरमॅट नाहीये आपल्याकडे'.

बॅलन्स किती असावा यावर तर प्रत्येकाचं वेगळं मत. बाबा, म्हणजे सासरे, बिचारे म्हणाले मी टाकतो दोन लाख तुमच्या खात्यात, दिसायला बरं. तर एजंट म्हणाला अजिबात नको, एकदम मोठी रक्कम आली की त्यांना संशय येतो. म्हणजे खात्यात पैसे पाहिजेत, पण ते कसे, तर मुरलेले, लोणच्यासारखे! अरे बाबांनो, माझ्याकडे मुरलेले पैसे असते तर मी बजेट ट्रिप कशाला केली असती?? कमी खर्चात फिरायची परवानगी मागायला आधी भरपूर पैसा आहे हे सिद्ध करायचं, हे जे काही आहे ना, ते माझ्या डोक्यातून जातच नाही.

आणि हे सगळं कागदांचं बाड तयार करून बसलोय तर अपॉइंटमेंट नाही. नियम काय तर प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करा. निकाल साधारण १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. छान. पण अर्ज करायला आत तर जाऊ द्या! कॅलेंडर उघडलं की सगळ्या तारखा करड्या. रात्री बाराला उघडतात म्हणे, कोणी म्हणे पहाटे, मी दोन्हीला जागून बघितलं. मावसभाऊ म्हणतो फ्रान्सचा काढ ना, एकच तर आहे शेंगेन. नाही रे बाबा, तसं नसतं, जिथे जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, आमच्या सगळ्या रात्री इटलीत, मग मी फ्रान्सला काय सांगू, आयफेल टॉवर लांबून बघणारे?

या नादात तारीख तीनदा बदलली. आधी १ मे जोडून ठरवलेलं, नवऱ्याची एक रजा वाचेल म्हणून. मग कळलं की १ मे तिकडेही सुट्टी आणि २५ एप्रिलपण त्यांचा मुक्ती दिन, म्हणजे त्या आठवड्यात अख्खा इटली स्वतःच फिरायला निघतो आणि खोल्यांचे भाव आभाळाला. तशीही अपॉइंटमेंट मिळाली नाहीच. मग सप्टेंबर म्हटलं तर आई एवढंच म्हणाल्या, "गौरी यायच्या आणि सून इटलीत?" विषय संपला. मग आता गणपतीनंतर. तर पितृपक्ष. आत्याबाईंचा खास फोन आला की त्या दिवसांत लांबचा प्रवास कशाला. नवरा मात्र खूश, म्हणे पितृपक्षात कोणी जात नाही, सगळं स्वस्त असेल. अरे तुझ्या त्या रोमच्या हॉटेलवाल्याला पितृपक्ष माहितीये का! उलट सप्टेंबर म्हणजे तिकडचा सीझन, ऊन उतरलेलं, गर्दी तेवढीच.

नणंद वेगळीच. "वाइनच प्यायची ना, मग गंगापूर रोडच्या द्राक्षमळ्यांत जा की." नाशिककर असल्याची शिक्षा, दुसरं काय.

हॉटेलचं सांगायचं राहिलं. साइटवर ८५ युरो दिसतात म्हणून हरखून जावं तर खाली लिहिलेलं असतं सिटी टॅक्स वेगळा, तिथे गेल्यावर द्यायचा. रोममध्ये थ्री-स्टार हॉटेलला माणशी, दर रात्री, ६ युरो. दोघं, चार रात्री, झाले ४८ युरो, म्हणजे पाच हजार रुपये, कशाचे तर झोपल्याचे. जेवायला बसलो की कोपेर्तो, टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो. कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव, बसून प्यायली तर दुसरा. नवऱ्याने जाहीर केलंय की आपण सहा दिवस उभेच राहू. ट्रेव्ही कारंजं, जिथे लोक पाठ करून नाणं टाकतात, तिथे अगदी जवळ जायला पर्यटकांना आता २ युरो. म्हणजे पाण्यात पैसे टाकायला जायचे पैसे! एक गोष्ट मात्र मला त्या शहराची आवडली, रोममध्ये रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत, नाझोनी म्हणतात त्यांना, चोवीस तास वाहतात, फुकट. आमच्या अख्ख्या तक्त्यात 'शून्य रुपये' लिहिलेली ती एकच ओळ आहे.

कोलोसियमचं तिकीट १८ युरो, ते महागही नाही म्हणू. पण ते ३० दिवस आधी खुलं होतं आणि मिनिटांत गायब, आणि मग तेच तिकीट 'गाइडसकट' म्हणून इतर साइट्सवर दुप्पट-तिप्पट भावाने दिसतं. यावरून तर इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये जुनी तिकीटविक्री करणारी संस्था आणि काही टूर कंपन्या यांना मिळून जवळपास २ कोटी युरोचा दंड ठोकला, टूरवाले बॉट, म्हणजे आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम, लावून तिकिटं उचलायचे आणि संस्थेने ते थांबवलं नाही म्हणून. दंड झाला त्यांना, मला काय मिळालं? घंटा. शिवाय तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी जुळायला लागतं, म्हणजे पुन्हा माझं माहेर-सासर सुरू. आणि ३० दिवस आधी आमचा पासपोर्ट बहुतेक व्हिसावाल्यांच्याच ड्रॉवरमध्ये असणार. काढू का नको काढू? सांगा ना कोणीतरी!

व्हेनिसवरून आमचं खरं भांडण झालं, दोन दिवस अबोला. त्याला सहा दिवसांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि जमलं तर पिसा, कारण 'परत थोडीच जाणार आहोत'. मी म्हटलं रोम आणि नेपल्स, बास, सव्वा तासाची ट्रेन, नेपल्स स्वस्त, पिझ्झा तिथला, ज्वालामुखीत गाडलं गेलेलं ते जुनं शहर पॉम्पेई शेजारी. तो म्हणे लोकांना काय सांगणार, इटलीला गेलो आणि व्हेनिस नाही बघितलं? कोणत्या लोकांना रे? त्याच लोकांना, जे महाबळेश्वरला जाऊन आलो तेव्हा प्रतापगड केला का विचारत होते? व्हेनिसला दिवसभरापुरतं जाणाऱ्यांना सीझनच्या ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेश फी लावलीये २०२४ पासून, उशिरा बुक केलं तर १०, हे मी त्याला अगदी विजयी सुरात वाचून दाखवलं. तर त्याने शोधून काढलं की ती जुलैपर्यंतच असते, सप्टेंबरला नसते. चिडले मी अजून. माहिती बरोबर होती म्हणून जास्त चिडले.

आणि हो, 'एवढा त्रास आहे तर टूरबरोबर जा की' हे सांगणारे. जाऊ शकतो, माहितीये मला. सकाळी पोहे, रात्री वरण-भात, बसमध्ये अंताक्षरी, कोलोसियमसमोर वीस मिनिटं, फोटो, चला चला. माझे आई-वडील गेलेत तसे आणि खूश होऊन आलेत, त्याला नावं ठेवत नाही मी. पण मला नवऱ्याबरोबर एखाद्या गल्लीत रस्ता चुकायचंय, बस चाळीस जणांसाठी थांबलीये याचं टेन्शन न घेता. आणि त्या टूरची किंमत दोघांची साडेचार लाख, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, खरं सांगते, एक तारीख हिरवी झाली. ९ तारीख, सकाळी ११. मी थरथरत्या हाताने दोन जणांसाठी टाकलं तर म्हणे उपलब्ध जागा एक. घाबरून माझ्या एकटीची घेऊन टाकली, मग त्याच्यासाठी शोधत बसले, पहाटे मिळाली, २३ तारीख. म्हणजे बोटांचे ठसे द्यायला मी एकदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई, तो दोन आठवड्यांनी परत पंचवटीने मुंबई. दोन रजा, दोनदा तिकीट, दोनदा सीएसएमटीच्या बाहेरचा वडापाव. आणि माझा पासपोर्ट आला आणि त्याचा अडकला तर काय?

सकाळी चहा घेताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने बिस्कीट बुडवलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "मग तू पुढे हो, मी येतो मागून."