'एसएसएच चाललं की अ‍ॅन्सिबल चालतं' हे खरं नाही

अ‍ॅन्सिबल म्हणजे एका मशीनवरून एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सुरक्षित पद्धत) अनेक सर्व्हरवरची कामं करून घेणारं साधन. सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याबद्दल एक सल्ला सतत फिरतो: "अ‍ॅन्सिबलला एजंट लागत नाही, एसएसएच असलं की पुरे. सर्व्हर कितीही जुना असो, नवीन अ‍ॅन्सिबल घ्या. अडलंच तर सर्व्हरवर नवीन पायथन टाका." हे ऐकून लोक चालते सर्व्हर अडचणीत आणतात, म्हणून लिहितोय.

एजंट, म्हणजे सर्व्हरवर आधीच बसवलेला खास प्रोग्रॅम, लागत नाही हे खरं. पण एसएसएच हा नुसता रस्ता आहे. बहुतेक मॉड्यूल्स (एकेक काम करणारे छोटे प्रोग्रॅम) पायथन भाषेत असतात, ती समोरच्या सर्व्हरवर जातात आणि तिथल्याच पायथनवर चालतात. सेंटओएस 6 या जुन्या लिनक्सवर पायथन 2.6 आहे, सेंटओएस 7 वर 2.7. अ‍ॅन्सिबल-कोर (अ‍ॅन्सिबलचा मुख्य भाग) 2.13 ने पायथन 2.6 चा आधार काढला. मे 2024 मधल्या 2.17 ने 2.7 आणि 3.6 दोन्हींचा. म्हणून लॉगिन नीट होतं आणि पहिल्याच टास्कला 'फ्युचर फीचर अ‍ॅनोटेशन्स इज नॉट डिफाइन्ड' असा एरर येतो. बिचारा माणूस नेटवर्क तपासत बसतो.

आणि 'कितीही जुना' म्हणजे फक्त बंद पडलेला सेंटओएस नव्हे. रेड हॅट 8 या लिनक्सला 2029 पर्यंत सपोर्ट आहे, त्याचं सिस्टीमचं पायथन 3.6 च आहे.

सगळ्यात घातक भाग नवीन पायथनचा. सेंटओएस 7 चं यम (पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, बसवणारं साधन) हे पायथन 2 मध्ये लिहिलेलं आहे. एकाने सिस्टीमची 'पायथन' ही लिंक (कोणतं पायथन चालवायचं ते ठरवणारी) पायथन 3 कडे वळवलेली मी पाहिली आहे. यम लगेच 'एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट, ई' या ओळीवर सिंटॅक्स एरर देऊन थांबलं; पॅकेज टाकायची सोयच गेली. बरं, लिंकला हात न लावता पायथन 3.9 शेजारी बसवलं, तरी पॅकेज बसवायचं अ‍ॅन्सिबलचं मॉड्यूल चालत नाही. त्याला लागणारी यमची लायब्ररी फक्त 2.7 साठी असते.

मग हातानेच करायचं? मुळीच नाही. कंट्रोल मशीनवर (जिथून अ‍ॅन्सिबल चालवता तिथे) वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेससाठी स्वतंत्र जागा) करा: सेंटओएस 7 आणि रेड हॅट 8 साठी अ‍ॅन्सिबल-कोर 2.16, सेंटओएस 6 साठी 2.12. सर्व्हरवर पायथनच नसेल तर फॅक्ट्स (सर्व्हरची माहिती) गोळा करणं बंद ठेवून थेट कमांड पाठवणारं 'रॉ' मॉड्यूल वापरा, त्याला खरंच एसएसएच पुरतं. सेंटओएस 6 ला मात्र तेही अडेल, कारण ओपनएसएसएच (एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर) 8.8 पासून त्याला लागणारी एसएसएच-आरएसए ही जुनी सही मुळातच बंद असते. ती फक्त त्या होस्टपुरती चालू करा, सगळ्यांसाठी नको.