टनांत मोजलेलं तळं

गेल्या आठवड्यात एकच संदेश मला इंदूरच्या चार मराठी ग्रुपांवरून आला. त्यातला एक तर सख्ख्या आत्तेभावाने पाठवलेला. मथळा: ‘तलावांतले मासे संपताहेत ही शुद्ध अफवा!’ खाली चार मुद्दे. गोड्या पाण्यातलं उत्पादन दरवर्षी वाढतंय. धरणं वाढली, पाणी वाढलं, म्हणजे मासे वाढले. एक मासा लाखो अंडी घालतो, तेव्हा पावसाळ्यातली मासेमारीबंदी हे नाटक. आणि अमेरिकेने बाहेरचे मासे सोडून आपले तलाव पुन्हा भरले, आपणही तेच करावं. आम्ही सीकेपी, माशांवरून घरात भांडणं नवी नाहीत. पण हे भांडण जरा सविस्तर करावं म्हणतो.

पहिला आकडा खोटा नाही. 2022-23 मध्ये देशात सुमारे 175 लाख टन मासळी झाली, त्यातली 131 लाख टन समुद्राबाहेरची. मात्र सरकारी भाषेत ती ‘अंतर्देशीय’ असते, आणि त्यात किनाऱ्यालगतच्या मचूळ तळ्यांतली कोळंबीही मोजली जाते. उरलेल्यातला मोठा वाटा खोदलेल्या तळ्यांतला: बीज (माशांची पिलं) सोडा, खाद्य घाला, जाळं ओढा. ही शेती झाली. गव्हाचं पीक वाढलं म्हणून रानात हरणं वाढली असं कुणी म्हणत नाही.

रविवारी मच्छी बाजारात जाऊन बघा. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फासकट बाहेर येणारे कटले सगळे दीड-दीड किलोचे, साच्यातून काढल्यासारखे. ‘भिया, आंध्रा का माल है,’ विकणारा स्वतःच सांगतो. बाजूला एका टोपलीत बोटाएवढी मिसळ मासळी, दोन टेंगरे, एखादी मरळ, जिला इकडे सावल म्हणतात. तलावाची खरी बातमी त्या टोपलीत असते. मी पढिन (हा मोठा शिकारी मासा) आहे का विचारलं, तर तो म्हणाला, ‘कभी-कभी.’ पूर्वी किती मिळायची ते विचारायला हवं होतं. मागच्या गिऱ्हाइकाने कोपर मारलं.

दुसरा मुद्दा जास्त पाणी, जास्त मासे. इंदिरासागर धरणाचं पाणी भरलं की नऊशे चौरस किलोमीटरांवर पसरतं, गांधीसागरचं साडेसहाशेहून अधिक. पण मध्य प्रदेशाने 2011 मध्ये ज्याला राज्यमासा केलं, त्या महाशीरला पसरलेलं पाणी नकोच आहे. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. त्याला वाहतं, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. अंडी घालायला खडे-गोट्यांचा तळ लागतो. नदीचा तलाव झाला की तिथे गाळ बसतो. त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं की वजनकाटा खूश, बाडस मात्र हद्दपार. पुण्याखालच्या उजनीत काय झालं ते भिगवणला मासे खाऊन आलेल्यांना ठाऊक आहे: ताटात येते ती चिलापी, आणि चिलापीचं मूळ आफ्रिकेत. तिला मी नावं ठेवत नाही, तळून बरी लागते.

आता लाखो अंडी. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते हे खरं. कुठे, ते संदेशात नाही. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. पावसाळ्यात पूर आला की ती वर चढतात आणि वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. म्हणूनच 10 जुलै 1957 या दिवसाला मोल आहे: त्या दिवशी हिरालाल चौधरींनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात कार्पची, म्हणजे याच कटला-रोहूंच्या कुळाची, वीण करून दाखवली. त्याआधी बीज हवं तर नदीवरून गोळा करायचं. आपल्याकडे मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट बंदी असते ती नेमकी या चढणीसाठी. तलावाला नदी मिळते त्या तोंडाशीच जाळं लावलं, तर पोटात अंडी असलेल्या माद्या अलगद सापडतात. लाख अंडी काट्यावर चढली आणि रस्सा झाला.

राहिली अमेरिका. तिथल्या पाच महासरोवरांतला मूळचा मोठा शिकारी लेक ट्राउट. बोटींसाठी खणलेल्या कालव्यातून लॅम्प्रे आत शिरला: ईलसारखा लांब, जबडा नाही, चकतीसारख्या तोंडात दात, माशाच्या कुशीला जळूसारखा चिकटून रक्त पिणारा. आधीच बेसुमार पकडला जाणारा ट्राउट 1950च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी संपला. मग ॲलवाइफ नावाचा, समुद्रातूनच आलेला छोटा मासा माजला. त्याला खाऊन कमी करतील म्हणून 1966 पासून पॅसिफिकचे सॅमन सोडले. त्या पाचांतल्या हूरॉन सरोवरात 2003 नंतर ॲलवाइफ कोसळला, पाठोपाठ सॅमनही. दरम्यान बाहेरूनच आलेल्या क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून असं स्वच्छ केलं की माशांच्या पिलांना खायला उरेना. (स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावात हे सांगायची चोरी!) सुपीरियर सरोवरात ट्राउट सावरल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं, ते लॅम्प्रेच्या पिलांवर ओढ्याओढ्यांत 1958 पासून विषप्रयोग करून आणि मासेमारीला लगाम घालून. 2020-21 मध्ये कोविडमुळे हे काम कमी झालं, तर लॅम्प्रे लगेच वाढला. बाहेरचा मासा सोडून तलाव भरला तो हा असा.

बाहेरच्या माशाने टन खरोखर वाढले ते आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात. 1950-60च्या दशकांत तिथे नाइल पर्च सोडला. माणसापेक्षा लांब वाढणारा, दोनशे किलोपर्यंत जाणारा मासा. 1980च्या दशकात पकड कित्येक पटींनी वाढली, काठावर फिलेचे (काटा काढलेल्या मांसाच्या तुकड्यांचे) कारखाने आले, माल युरोपला गेला. त्या सरोवरात सिक्लिड माशांच्या सुमारे 500 जाती होत्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या. त्यातल्या दोनेकशे दिसेनाशा झाल्या. फिले विमानाने गेल्यावर डोकं आणि काटा उरतो. काठावरची माणसं तो तळून विकतात, विकत घेतात. स्वाहिलीत त्याला म्हणतात ‘मगोंगो वाझी’, उघडी पाठ. पकडीच्या टनांत त्याचंही वजन धरलेलं असतं.