पाच वॅटची उठाठेव

मुंबईत दुकानदाराला “व्हॉल्व्ह आहे का?” असं विचारलं की उलट प्रश्न येतो, “अर्धा इंची की पाऊण?” काचेचा, आत लाल तार पेटते तो, आजोबांच्या रेडिओत असायचा तो, असं मी जितकं समजावतो, तितक्या मायेनं तो मला नागदेवीच्या पाइपवाल्यांकडे पाठवतो.

गिटारचा अँप्लिफायर बाजारात तयार मिळतो, हप्त्यानं मिळतो, घरपोच येतो. तरी तो घरीच बांधायचा आणि तोही १९५०च्या दशकातल्यासारखा, हा किडा डोक्यात शिरला की त्यावर औषध नाही. पथ्य मात्र आहे: नवशिक्यानं फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या पाच वॅटच्या छोट्या अँपचं ५एफ१ हेच सर्किट घ्यावं. यातला ५ म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सर्किटची आवृत्ती. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे सगळा कारभार काटकसरीचा. व्हॉल्व्ह तीन: गिटारचा क्षीण आवाज वाढवायला १२एएक्स७, स्पीकर हलवायला ६व्ही६, आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. वीज अडवणारे रेझिस्टर डझनभर, वीज साठवणारे कपॅसिटर अर्धा डझन. कागदावर ते इतकं गरीब दिसतं की एका रविवारी होईल असं वाटतं. कोणत्या रविवारी, ते कागदावर नसतं.

खरेदी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावानं पत्ता विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. इथे ०.०२२ मायक्रोफॅरड असं म्हणू नये; ‘२२३’ म्हणावं आणि श्वास न घेता ‘६३० व्होल्ट’ जोडावं, नाहीतर शंभर व्होल्टवाला हातात पडतो आणि वर ‘चालतं’ मिळतं. ‘चालतं’ हे मुंबईचं सर्वमान्य स्पेसिफिकेशन आहे. ते कुठे खरं आणि कुठे खोटं, एवढंच या छंदात शिकायचं असतं.

उदाहरणार्थ, अर्धा वॅट मागितला आणि पाव वॅटचा रेझिस्टर मिळाला, तर गिटारच्या तोंडाशी असलेल्या ६८ केला (म्हणजे किलोओहमला) तो खरोखर चालतो. ६व्ही६च्या कॅथोडवरच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावरच्या) ४७० ओहमला चालत नाही. तिथे वीसेक व्होल्ट पडतात. वीसचा वर्ग भागिले ४७०, म्हणजे पाऊण वॅटच्या वर उष्णता. तिथे पाव वॅट लावला की आधी वास येतो आणि घरातले गॅस तपासायला धावतात. पाच वॅटचा सिमेंटचा घ्यावा, बोर्डापासून जरा उचलून बसवावा.

आठ पायांचं ऑक्टल सॉकेट मागितलं की रिलेचा बेस मिळतो. पाय बरोब्बर बसतात, त्यामुळे दुकानदार जिंकल्यासारखं बघतो. पण तो बेस बहुधा अडीचशे-तीनशे व्होल्टच्या हिशेबाचा असतो आणि आपल्याला चारशेच्या वरची सोय हवी. सिरॅमिकचंच मागावं. शिवाय सॉकेट हातात आल्याशिवाय पत्र्याला भोक पाडू नये. ऑक्टलला साधारण २८ ते ३० मिलिमीटर लागतं, नऊ पायांच्याला २० ते २२. आणि पत्र्याचं भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

चोर बाजारातल्या जुन्या रेडिओतून व्हॉल्व्ह काढून घेणं ठीक, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून घेणं म्हणजे जुन्या वाड्यातून जिना काढून आणणं. ते आतून वाळलेले असतात. नवेच घ्यावेत, १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरड, आणि ४५० नव्हे तर ५०० व्होल्टचे. कारण असं: ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५चा, त्याचं शिखर ३२५ गुणिले १.४१४, म्हणजे ४६०. ५वाय३ चालू करताच काही सेकंदांत डीसी द्यायला लागतो, ६व्ही६ला मात्र गरम व्हायला वेळ लागतो. तोवर विजेला गिऱ्हाईकच नसतं आणि व्होल्टेज ४६०च्या दिशेनं चढतं. कुणी मित्र ‘१६च्या जागी शंभर टाक, हम जाईल’ म्हणेल (हम म्हणजे स्पीकरमधली घुमघूम). हम जाईलही, सोबत ५वाय३सुद्धा जाईल.

आता ट्रान्सफॉर्मर. मूळ अमेरिकन ट्रान्सफॉर्मर तिकडच्या ११०-१२० व्होल्टचा, म्हणून इथे वाइंडिंगवाल्याकडे जाणं आलं, आणि हा मनुष्य स्वतंत्र प्रकरण आहे. प्रायमरी, म्हणजे घरच्या विजेला जोडायची गुंडाळी, २४० व्होल्टची सांगावी. तो म्हणेल, “सगळे २२०च करतात, चालतं.” करू द्यायचं नाही. रात्री लाइन २४०ला गेली की २२०च्या वाइंडिंगमधून ६.३ऐवजी जवळजवळ ६.९ व्होल्ट हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, मिळतात. ही दहा टक्क्यांच्या मुभेची शेवटची पायरी. व्हॉल्व्ह त्या दिवशी मरत नाही, पण आयुष्य झपाट्यानं झिजतं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी त्याला ओहम सांगू नयेत, फेऱ्या सांगाव्यात. पाच किलोओहम ते आठ ओहम म्हणजे ६२५ला एक, त्याचं वर्गमूळ २५. तेव्हा पंचवीसला एक. इथवर तो खूश असतो. खरा तंटा स्टँपिंगवर, म्हणजे गाभ्याच्या लोखंडी पट्ट्यांवर. नेहमीच्या सवयीनं तो ‘ई’ आणि ‘आय’ पट्ट्या एक उलटी, एक सुलटी अशा गुंफत जातो. पॉवर ट्रान्सफॉर्मरला तेच बरोबर. पण इथे एकट्या ६व्ही६चा चाळीसेक मिलिअँपिअर डीसी सतत त्याच वाइंडिंगमधून वाहतो. गुंफलेला गाभा त्यानं तुडुंब भरतो आणि खालचे सूर गायब होतात. म्हणून सगळे ‘ई’ एका बाजूनं, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये कागदाची पातळ फट. हे चार वेळा सांगावं, चिठ्ठीवर लिहून द्यावं, चित्र काढावं. तरीही आणायला गेल्यावर तो अभिमानानं सांगण्याची शक्यता असते: “तुमची चूक सुधारून ठेवलीय.”

जोडणीबद्दल फार बोलत नाही. हीटरच्या तारा वेणीसारख्या घट्ट पिळून चेसिसच्या (पत्र्याच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून न्याव्यात, ६८ के थेट १२एएक्स७च्या पायाजवळ डाग द्यावा. तो लांब राहिला तर गिटारमधून आकाशवाणीवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकू येऊ शकतो. इलेक्ट्रोलिटिकचं प्लस-मायनस तीनदा बघावं. फिल्टरवर, म्हणजे त्या १६-८-८ कपॅसिटरांवर, २२० केचा दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा लावावा, म्हणजे बंद केल्यावर अर्ध्यापाऊण मिनिटात साठा उतरतो. तरी मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि चालू असताना मोजायचं तर डावा हात खिशात. इथे माझा विनोद संपतो. साडेचारशे व्होल्ट डीसीला विनोद कळत नाही.

अर्थिंगही तसंच. जुन्या अँपला दोन पिनांचा प्लग असे; आपण तीन पिनांचा लावायचा आणि हिरवी तार चेसिसला स्वतंत्र बोल्टनं आवळायची, कारण गिटारच्या तारा त्या चेसिसशीच जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर बोटं आपली. पण जुन्या चाळीत तिसरं भोक नुसतं शोभेचं असू शकतं. फेज आणि अर्थमध्ये मीटरनं २३०च्या आसपास दाखवलं, तर ते निदान कुठेतरी पोचलंय.

पहिल्यांदा चालू करायचं ते सिरीज बोर्डवर, साठ वॅटचा बल्ब मध्ये घालून. बल्ब भपकन पेटून मंदावला तर ठीक, तसाच ढणढणत राहिला तर आत शॉर्ट. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी. एलईडीच्या राज्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब शोधणं हे ६व्ही६ शोधण्याइतकंच अवघड. ६व्ही६ निदान रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये अजून बनतो. स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग कॅथोडवर १९-२० व्होल्ट, ६व्ही६च्या ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकावर) शून्य. ग्रिडवर काही व्होल्ट दिसले तर २२३ गळतोय. हाच तो ‘चालतं’वाला.

आणि मग अँप किंचाळतो. पहिल्याच मिनिटाला, शिट्टी झालेल्या कुकरसारखा. घाबरू नये. स्पीकरकडून २२ केमधून जो फीडबॅक परत येतो, तो उलटा यायचा तर सुलटा येतोय. बंद करून, साठा उतरवून, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल केली की तो गप्प होतो. खालच्या मजल्यावरचे काका होत नाहीत, ते तोवर जिना चढून आलेले असतात.

त्यानंतर उरतो तो हम. हीटरमधून आला तर ५० हर्ट्झचा, फिल्टरमधून आला तर १००चा. हीटरच्या दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर ओहम जमिनीला दिले की पहिला बराच बसतो. दुसऱ्याकडे मी जरा ममतेनं बघतो. १०० हर्ट्झ हा गिटारवरच्या खालच्या जी सुरापेक्षा जेमतेम ३५ सेंटनं चढा (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). अमेरिकेतल्या साठ हर्ट्झच्या लाइनचा हम १२०, म्हणजे बी फ्लॅट आणि बी यांच्या बरोब्बर मधोमध, कुठल्याच सुरात न बसणारा. आपण गिटार थोडी चढवून जीमध्ये वाजवली तर महावितरणपासून बेस्टपर्यंत सगळे तानपुऱ्याला बसलेले असतात.

खोक्याला मूळचं पाइनचं लाकूड आणि वर ट्वीडचं कापड. मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, “सनमायका कुठला?” मंगलदास मार्केटचं जाड कॅनव्हास फेव्हिकॉलनं चिकटवावं आणि मिस्त्रीला चहा पाजून शांत करावं.

एवढं झाल्यावर लक्षात येतं की या अँपची सगळी मिठास आवाज पूर्ण वाढवून ६व्ही६ फाटायला लागल्यावर आहे. जुन्या नॉबवर आकडे बारापर्यंत, मजा आठच्या पुढे. आणि एका वॅटला ९३ डेसिबलचा स्पीकर पाच वॅटला एका मीटरवर शंभर डेसिबल देतो. रहिवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. आमच्या वन बीएचकेत तिसऱ्या आकड्याच्या पुढे गेलं की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा होतो.

तोडगा एकच निघाला. इमारत रुळालगत आहे. बारा डब्यांची फास्ट खिडकीखालून जायला दहा-बारा सेकंद घेते, आणि तेवढ्यात नॉब बारावर नेऊन एक ई कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत वाजवता येतो. सकाळी गर्दीच्या वेळी तर लागोपाठ गाड्या, अख्खं गाणं तुकड्यातुकड्यानं निघतं. पण तेव्हा मी स्वतः त्यातल्याच एका गाडीत लोंबकळत असतो. सुट्टी रविवारची, आणि रविवारी आमच्या लाइनीवर मेगाब्लॉक.