अणू ‘रिकामा’ असतो म्हणे! त्या फॉरवर्डमधला एकेक दावा बघू

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रॉन सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखे न्यूक्लियसभोवती (अणूच्या मधल्या गाभ्याभोवती) फिरतात, अणू ९९.९९९९९९९९९९९९६ टक्के रिकामा असतो, ती पोकळी काढली तर अख्खी मानवजात साखरेच्या एका क्यूबमध्ये मावेल, आपण आयुष्यात कशालाच खरं शिवलेलो नाही, आणि इलेक्ट्रॉनला आपण बघतोय ते कळतं म्हणून विचार बदला, वास्तव बदलेल. खाली हात जोडलेले इमोजी.

मी अकरावी-बारावीला शिकवतो, त्यामुळे हे फिरलं की पोरं हेच प्रश्न घेऊन येतात. यातले आकडे बरेचसे बरोबर आहेत हो, गंडलंय ते चित्र. इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकशी गोळी, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप पटायला लागतं.

आधी ते ग्रहांचं घेऊ. रदरफोर्डने १९११ मध्ये न्यूक्लियस मांडला तेव्हाच अडचण समोर होती, की विद्युतभार असलेला कण गोल फिरायला लागला तर तो सतत ऊर्जा बाहेर टाकतो, म्हणजे हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपासच आत कोसळायला हवा. १९१३ मध्ये बोरने ठरावीक कक्षा दिल्या आणि तिथे ऊर्जा जात नाही असं सरळ गृहीत धरलं. हायड्रोजनच्या प्रकाशात दिसणाऱ्या ठरावीक रंगांच्या रेषा झकास जुळल्या, पण हेलियमपाशी गाडी अडली. १९२६ ला श्रोडिंगरचं समीकरण आलं आणि कक्षा हा प्रकारच संपला, तरी आपण अजून लोगोंवर तीच तीन लंबवर्तुळं काढतोय.

आता हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या पातळीत इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग (गोल फिरण्याचं माप) चक्क शून्य असतो, म्हणजे तो फिरतोय असं म्हणायलाही जागा नाही. बोरची त्रिज्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात आतल्या कक्षेची, ०.५३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पण त्या अंतराच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता फक्त ३२ टक्के. आणि इलेक्ट्रॉनची घनता सगळ्यात जास्त कुठे, तर थेट न्यूक्लियसवर! हे नुसतं कागदावरचं नाही. पोटॅशियम-४० (पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार) चे सुमारे ११ टक्के अणू आपलाच आतला इलेक्ट्रॉन न्यूक्लियसमध्ये ओढून घेतात आणि आरगॉन होतात. हवेत जवळपास १ टक्का आरगॉन आहे ना, तो जवळजवळ सगळा याच वाटेने आलाय. सह्याद्रीचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षं जुना आहे हे सांगताना त्यात साठलेला हाच आरगॉन मोजतात. ग्रहासारखा लांबून फिरणारा इलेक्ट्रॉन असता तर हे झालंच नसतं.

मग पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला, की सर, तो आत पडत का नाही? याचं उत्तर बहुतेक गाइडांत नीट नसतं म्हणून इथे थोडं थांबतो. इलेक्ट्रॉनला जितक्या कमी जागेत कोंबाल तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते, १९२७ चं हायझेनबर्गचं तत्त्व हेच सांगतं. हायड्रोजनमध्ये गतिज ऊर्जा १३.६ आणि आकर्षणाची उणे २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं छोटंसं एकक), बेरीज उणे १३.६. आता अणू दाबून निम्मा करा. आकर्षण दुप्पट झालं, उणे ५४.४, पण गतिज ऊर्जा चौपट झाली, तीही ५४.४, बेरीज शून्य. म्हणजे तोट्यात. उलटं करा, अणू दुप्पट फुगवा: ३.४ वजा १३.६, उणे १०.२, तरी तोटाच. सगळ्यात स्वस्त सौदा मधेच आहे, ०.५३ ला, म्हणून अणू तेवढाच राहतो. कुणी धरून ठेवलेलं नाही, आणि ‘केंद्रापसारक बलाने तोल राहतो’ हे उत्तर तर पेपरात चुकूनही लिहू नका.

हे समजलं की ‘रिकामा’ची हवा निघते. तो टक्केवारीचा आकडा येतो कुठून, तर प्रोटॉनची त्रिज्या हायड्रोजन अणूच्या साधारण ६३ हजारांव्या भागाइतकी, त्याचा घन करा, आणि उरलेली सगळी जागा रिकामी असं जाहीर करून टाका. पण उरलेल्या जागेतच तर इलेक्ट्रॉनचा ढग पसरलाय! वस्तुमान न्यूक्लियसमध्ये एकवटलंय हे बरोबर, पण वस्तुमान कमी म्हणजे जागा मोकळी हे कुठलं लॉजिक? क्रिस्टलवर क्ष-किरण टाकून नकाशा काढतात तो या ढगाचाच असतो, कारण क्ष-किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनवरूनच विखुरतात. आणि अणूत पोकळी म्हणून काच पारदर्शक, असं जे कमेंटमध्ये लिहितात त्यांनी हिरा आणि ग्रॅफाइट बघावं. दोन्ही कार्बनच, एक आरपार, एक काळाकुट्ट. हिऱ्यातला इलेक्ट्रॉन वर ढकलायला साधारण ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि दृश्य प्रकाशाच्या फोटॉनकडे फार तर ३ च्या आसपास असतात, म्हणून प्रकाश शोषला जात नाही. ग्रॅफाइटमध्ये असा अडसरच नाही. पोकळीचा संबंध काय?

साखरेच्या क्यूबचं गणित मात्र मी करून बघितलं, जुळतं. ८०० कोटी माणसं, सरासरी ५० किलो, म्हणजे ४० कोटी टन, आणि न्यूक्लियसची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टन. छान. पण ‘पोकळी काढणं’ म्हणजे हवा काढल्यासारखं नाही, तिथे काढायला काही मोकळं नाहीच. वरच्या हिशोबाने एक ग्रॅम हायड्रोजनचे अणू नुसते निम्म्या आकाराला दाबायचे तर सुमारे १,३०० किलोज्यूल लागतील, म्हणजे ४ लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा. न्यूक्लियसएवढं दाबायचं तर एकेका इलेक्ट्रॉनमागे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर! त्याच्या कितीतरी आधीच इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून न्यूट्रॉन होतात. न्यूट्रॉन ताऱ्यात हेच होतं, आणि त्यासाठी अख्ख्या ताऱ्याचं गुरुत्व लागतं. चंद्रशेखर यांची सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाची मर्यादा तीच, त्याखालचा श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) इलेक्ट्रॉनच्या दाबावर तग धरून राहतो.

‘कशालाच शिवलेलो नाही’. म्हणे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून बोट टेबलाच्या वर तरंगतं. पण अणू उदासीन असतात, थोड्या अंतरावर तर ते एकमेकांना हलकेच ओढतात, पाल भिंतीवर त्याच ओढीने चिकटते. अगदी जवळ आले की ढग एकमेकांत शिरू लागतात आणि तिथे १९२५ चा पाउलीचा नियम आडवा येतो, एका अवस्थेत दोन सारखे इलेक्ट्रॉन चालत नाहीत. १९६७ मध्ये डायसन आणि लेनार्ड यांनी गणिताने सिद्ध केलं की या नियमाशिवाय पदार्थ टिकलाच नसता. ढग भिडणं म्हणजेच शिवणं, यापेक्षा वेगळा स्पर्श कुणाला हवाय?

उरलं ते ‘इलेक्ट्रॉनला कळतं’. हे मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं, कारण यावर कोर्स विकतात. १९८९ मध्ये हिताचीत तोनोमुरांच्या टीमने दोन वाटा मोकळ्या ठेवून एकेक इलेक्ट्रॉन सोडला, पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला आणि हजारो ठिपक्यांनंतर पट्टे उमटले, लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटतात तसे. आता कण कुठल्या वाटेने गेला याची खूण कुठेही उमटली की पट्टे जातात, मग खूण वाचायला कुणी असो वा नसो. २००३ मध्ये व्हिएन्नात ७० कार्बनच्या रेणूंवर तेच केलं आणि यंत्रात थोडा थोडा गॅस सोडत गेले, जसजसा दाब वाढला तसतसे पट्टे पुसट होत गेले. तिथे बघणारं कोण होतं, तर गॅसचे रेणू. त्यांनी कुठले पॉझिटिव्ह विचार केले होते?