मृणालताईंना नुसत्या लाटण्यापुरतं आठवू नका

दरवर्षी १७ जुलैला, समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या स्मृतिदिनी, लाटणं उगारलेल्या बायकांचा तो फोटो फिरतो. सोबत १९७७ ची घोषणा असतेच, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. पानीवाली बाई म्हणजे ताई, दिल्लीवाली बाई म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी. अभिमान वाटावा असंच आहे दोन्ही. पण ताईंचं खरं काम मोर्चा पांगल्यावर सुरू व्हायचं. मागणी नियमात किंवा कायद्यात उतरेपर्यंत तिचा पिच्छा सोडायचा नाही, ही त्यांची रीत. त्याविषयी फार कमी लिहिलं जातं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

ताई माहेरच्या मोहिले, जन्म २४ जून १९२८ चा. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी राष्ट्र सेवा दलाच्या कामापायी सोडलं. सेवा दलातल्याच केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं, तेही आंतरजातीय, आणि संसार थाटला गोरेगावात. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. ताई तेव्हा जेमतेम तिशीच्या, पदरात लहान मुलगी. ‘दुःख गिळून कामाला लागल्या’ एवढ्यावर हा भाग उरकला जातो, ते मला पटत नाही. त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवऱ्याच्या नावाने काय उभं केलं ते बघा. केशव गोरे स्मारक ट्रस्ट. वाचनालय, सभा-बैठकांना हक्काची जागा, आणि १९८३ पासून अडचणीतल्या बायकांसाठी ‘स्वाधार’. सासरी छळ होणारी, घराबाहेर काढलेली बाई जिथे येऊन बोलू शकते, अशी जागा. नवऱ्याचं याहून चांगलं स्मारक माझ्या तरी माहितीत नाही.

१९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्याला हात घातला. तिढा असा होता की झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही, आणि नळ दिला तर अतिक्रमणाला मान्यता दिल्यासारखं होईल ही भीती. ताईंचं म्हणणं सरळ होतं: जमीन कोणाची हा वाद चालू द्या, तोवर माणसं पाण्यावाचून राहू शकत नाहीत. हंडा मोर्चे निघाले ते याच मुद्द्यावर. हा तिढा किती चिवट आहे बघा, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं, ते डिसेंबर २०१४ मध्ये. ताई जाऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती.

आजही आकड्यांतला फरक तसाच आहे. मुंबईत इमारतीतल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर धरतात, झोपडपट्टीत ४५. पाच माणसांच्या घराला झाले २२५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे पंधरा हंडे. त्यात आंघोळी, धुणं, भांडी, स्वयंपाक, संडास, सगळं आलं. वस्तीत जोडणी सहसा घरटी मिळत नाही. पाचेक घरांचा गट करायचा, त्यातला एक सेक्रेटरी, बिल त्याच्याकडे. गट फुटतो तोही बहुतेक इथेच. सगळ्यांनी पैसे दिले आणि सेक्रेटरीने भरले नाहीत, तरी नळ पाचही घरांचा तुटतो. दुसरी अडचण पाइपाची. मुख्य लाइन लांब असली की बारीक पाइप गटारातून, गटाराच्या कडेने ओढत आणतात. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि गंजलेल्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. मग पुन्हा पाणी सुटलं की सुरुवातीचे हंडे घाण येतात. ताईंच्या नावाने वस्तीत कार्यक्रम करायचाच असेल तर आधी हे जोड तपासा, आणि बिलाची पावती पाचही घरांना दाखवायची पद्धत घाला.

आता लाटणं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर धान्य नाही, बाजारात तेल, साखर, रॉकेल परवडेना. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती त्यातून उभी राहिली, लाटणं मोर्चे तिचेच. तिच्यात समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी. एरवी एका व्यासपीठावर न बसणारे हे पक्ष साखर-रॉकेलाने एकत्र आणले. मला सगळ्यात हुशारीची वाटते ती थाळीनादाची कल्पना. ठरलेल्या वेळी प्रत्येकीने आपल्याच घरातून, गॅलरीतून, दारातून थाळी वाजवायची. जिला लेकरं टाकून येता येत नाही, जिला सासरचे मोर्चाला पाठवणार नाहीत, तीही आंदोलनात मोजली गेली.

आणीबाणीत त्या भूमिगत राहिल्या, पकडल्या गेल्या, अकोल्याच्या तुरुंगात एकांतवास भोगला. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि देऊ केलेलं आरोग्यमंत्रिपद नाकारलं. हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

ज्याची आठवण सगळ्यात कमी काढली जाते तो १९८८ चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा. गर्भजलपरीक्षा निघाली ती गर्भातला दोष शोधण्यासाठी. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून सुई घालून १५-२० मिलीलिटर गर्भजल काढायचं, त्यातल्या पेशी वाढवून तपासायच्या. निकाल यायला दोन-तीन आठवडे. त्याच पेशींतून लिंगही कळतं. मुलगी आहे कळेपर्यंत अठरा-एकोणीस आठवडे होऊन गेलेले, म्हणजे गर्भपात दुसऱ्या तिमाहीतला, बाईच्या जिवाला जास्त घोर लावणारा. मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर, वकील याविरुद्ध उभे राहिले, आणि १९८५ मध्ये पुन्हा आमदार झालेल्या मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं. सरकारला मग स्वतःचा कायदा करावा लागला. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा हा देशातला पहिला कायदा. केंद्राचा आला १९९४ मध्ये, अमलात आला १ जानेवारी १९९६ पासून.

तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. कारण गर्भजलाची जागा सोनोग्राफीने घेतली. तिला ना सुई, ना निकालाची वाट, आणि ‘सांगितलं’ याचा पुरावा उरत नाही. एक खूण पुरते. म्हणून कायद्याची सगळी भिस्त कागदावर आहे, तो ‘फॉर्म एफ’. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला हा भरावा लागतो: तिला किती मुलगे, किती मुली, कोणी पाठवलं, छापलेल्या २३ वैद्यकीय कारणांपैकी कोणतं, ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर तिची सही किंवा अंगठा, आणि डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र. कागद दोन वर्षं जपायचे, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा. ‘ही तर कारकुनी चूक’ म्हणून डॉक्टर संघटना यावर चिडतात. मला ते मान्य नाही. ज्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदारच नसतो, तिथे कोरा रकाना हाच माग असतो. फॉर्म ढिगाने येतात आणि वाचायला माणूस नसतो, तिथे हा माग हरवतो.

घरांचंही त्यांनी असंच केलं. कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकारकडे यायला हवी होती. कलम २० च्या सवलतींतून ती निसटत राहिली. ताई आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने तो कायदा धरून ठेवला आणि दिंडोशीला सहा हजारांवर परवडणारी घरं उभी केली. २००७ मध्ये राज्याने तो कायदाच रद्द केला. माझ्या मते मुंबईच्या गरिबांचं त्यात कायमचं नुकसान झालं.

२०२८ मध्ये ताईंची जन्मशताब्दी. पुतळे, परिसंवाद होतील, जरूर व्हावेत. पण ज्या मंडळांना, बचत गटांना काही करायचंय त्यांनी गर्भलिंगनिदान कायद्याचं कलम २८ वाचावं. संशयास्पद सोनोग्राफी केंद्राविरुद्ध कारवाई करा आणि न केल्यास आम्ही न्यायालयात तक्रार करू, असं लेखी समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, द्यायचं, पोच घ्यायची, किमान १५ दिवस थांबायचं. त्यानंतर कोणतीही व्यक्ती थेट न्यायालयात जाऊ शकते. व्यक्ती या शब्दात सामाजिक संस्थाही येते, असं त्या कलमातच लिहिलं आहे.