सबटायटलची फाइल म्हणजे ‘नुसतं टेक्स्ट’ नाही!

सिनेमावर दोन-दोन वर्षं खपायचं आणि सबटायटलची फाइल शेवटच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायची. बास झालं आता! ‘नुसतं टेक्स्ट तर आहे’ हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं. अहो, ती फाइल म्हणजे मशीनला दिलेला हुकूम आहे. कुठली ओळ कधी चढवायची, कधी उतरवायची, हे मशीनला तेवढ्यातूनच कळतं. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळणार नाही.

एसआरटी आणि व्हीटीटी हे सबटायटल फाइलचे दोन प्रकार. एसआरटीत सेकंद आणि मिलिसेकंदांच्या मध्ये स्वल्पविराम लागतो, व्हीटीटीत टिंब. फाइलच्या नावाची शेपटी बदलली म्हणून प्रकार बदलत नाही! मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच वेळा दुरुस्त करणारे तर धन्यच. आकडे देवनागरीत पडतात, बहुतेक प्लेअरना ती वेळ म्हणून ओळखूच येत नाही आणि संवाद गायब. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत.

मग तो फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात तो आकडा. २५ फ्रेमच्या कॉपीवर बांधलेली फाइल २३.९७६ च्या कॉपीला लावतात. पहिली ओळ जराशी आधी येते, म्हणून कुणीतरी सगळी फाइल सेकंदभर मागे सरकवतो आणि हात झटकतो. सरकवून काय होणार? फरक वाढत जाणारा आहे. एका तासाला जवळजवळ २ मिनिटं २७ सेकंद, दोन तासांच्या शेवटाला पाच मिनिटांना टेकतो. खून व्हायच्या आधी खुनी कोण ते खाली वाचून झालेलं असतं! फाइलमधल्या प्रत्येक वेळेच्या आकड्याला १.०४२७ ने गुणायचं असतं. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आयती आहे. तेवढंही होत नाही?

नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ ही अक्षरं साठवायची जुनी पद्धत निवडून सेव्ह केलं की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते. ती परत येत नाही. यूटीएफ-८ निवडा, एवढंच.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती मराठीचा ‘ऱ्य’ मोडतात तेव्हा. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडायची शून्य रुंदीची खूण) आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मग कुणाची तरी साफसफाईची स्क्रिप्ट (फाइलवर आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) ‘अदृश्य कचरा’ म्हणून तो जॉइनर उडवते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा होतो दर्या! डोंगरात समुद्र! ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’. तो कचरा नाही, तो आमच्या भाषेचा भाग आहे. स्क्रिप्ट चालवायच्या आधी र-हलन्त-जॉइनर जिथे जिथे असेल तिथे ऱ-हलन्त घाला. एका ‘फाइंड-रिप्लेस’चं काम आहे.

त्याच स्क्रिप्टा ४२ अक्षरांवर ओळ तोडतात. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, स्क्रिप्टच्या हिशोबी सहा. मग हलन्तावर कात्री चालते, अर्धा त वरच्या ओळीत लोंबकळतो आणि र खाली.

फाइल व्हिडिओवर कायमची छापायची असेल तर एएसएस (फॉन्ट, रंगही सांगणारा सबटायटलचा प्रकार) फाइलमध्ये लिहिलेला फॉन्ट त्या मशीनवर आहे का, ते आधी बघा. नसेल तर एफएफएमपेग (कमांड देऊन चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर) दुसराच कुठलातरी उचलतो आणि काम पुढे रेटतो. अक्षरजुळणी (जोडाक्षरं, वेलांट्या जागच्या जागी बसवणं) न करणाऱ्या यंत्रावर तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाऊन पडते. विंडोजवर फाइलच्या पत्त्यातला सी-ड्राइव्हनंतरचा कोलन एफएफएमपेगच्या सबटायटल फिल्टरला पर्यायांमधला विभाजक वाटतो आणि कमांड आपटते. फाइल व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाव साधं इंग्रजी द्या, कमांड तिथूनच चालवा.

आणि फाइलसोबत दोन ओळी लिहून पाठवा: फ्रेम रेट किती, फॉन्ट कुठला. पाठवायच्या आधी पहिला, मधला आणि शेवटचा संवाद त्याच कॉपीवर लावून बघा. फक्त पहिला नाही. शेवटचासुद्धा!