हुमणात तेफळ नाही, बिल मात्र साडेचारशे

ज्या हॉटेलात मी वर्षानुवर्षं दुपारी जेवलो, त्याचं नाव इथे लिहिणार नाही. म्हापशातल्या जुन्या मंडळींना न सांगताही कळेल. परवा पुण्याच्या पाहुण्यांना मोठ्या हौसेनं तिथे घेऊन गेलो, आणि ताटावरून अर्ध्यात उठावं असं तिथे पहिल्यांदाच वाटलं. राग आलाय, त्याहून जास्त वाईट वाटलंय.

बांगड्याचं हुमण, म्हणजे आमच्याकडचं माशाचं नारळाचं कालवण, म्हटलं की तेफळ (तिरफळ) हवंच. नारळ, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच गंधासारखं वाटायचं आणि तेफळं किंचित ठेचून रटरटत्या हुमणात टाकायची. सुंगटांच्या (कोळंबीच्या) कडीत तेफळ जात नाही, तिथे आंबाडा किंवा कैरी. गोव्यात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. परवा बांगडा, सुंगटं, इसवण (सुरमई), सगळ्यांवर एकच तांबडीभडक ग्रेव्ही ओतलेली. आंबटपणा टोमॅटोचा. वाटीत चमचा फिरवला तर वर तेलाचा तवंग, खाली पाणी, मध्ये खोबऱ्याचा भरडा. तेफळ एकही सापडलं नाही. तळलेल्या इसवणाचा रव्याचा थर फोडला तर आतला मासा त्या थराहून पातळ. किसमूर म्हणून आलं ते नुसतं खोबरं, सुक्या सुंगटांचा वाससुद्धा नाही. सोलकढी गोड होती. उकड्या तांदळाचा भात मागितला तर वेटर म्हणाला, "तो आता ठेवत नाही."

महागाई मला कळते. नारळाचा भाव कुठे गेलाय ते रोज बाजारात बघतो. माणसं मिळत नाहीत, गॅस महाग, भाडं महाग. आठेक वर्षांपूर्वी दीडशेला असलेली थाळी अडीचशे-तीनशेला गेली असती तर मी एक शब्द काढला नसता. पण ती साडेचारशेला गेली आणि ताटातून उलट वस्तू कमी झाल्या. कमी झालेल्या वस्तू महागड्या असत्या तरी समजलो असतो. मूठभर तेफळांनी कोणाचं दिवाळं निघतं? गेलं ते वाटण आणि ते जाणणारा हात. आत वाटण वाटणारी मावशी होती, ती थकली. तिच्या जागी कोणाला शिकवलं नाही, पाकिटातला मसाला आला.

हे का झालं? माझ्या मते कारण एकच आहे. स्वयंपाक कोणासाठी करायचा, हेच बदललं. उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दुपारी हॉटेलापुढे टुरिस्ट टॅक्स्यांची रांग असते. पर्यटक येऊ देत की, गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यांच्यावर पेटते. पण एकदाच जेवून सोमवारी उडून जाणारा माणूस परत सांगायला येत नाही. पूर्वी हात धुवून गल्ल्याशी आलेला कोर्टातला कारकून, किराण्याच्या पसऱ्यावरचा दुकानदार, बँकेतला शिपाई मालकाला तोंडावर म्हणायचा, "काका, आज कडीत मीठ चढलं हां." आणि संध्याकाळी आत ते बोलणं पोचायचं. तेच त्या हॉटेलाचं राखण होतं.

पावसाळ्याचंच बघा. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारीचे ट्रॉलर बंद. त्या दिवसांत काकांच्या फळ्यावर इसवण नसायचाच. "आयज नुस्तें किदें?" (आज मासे कोणते?) विचारलं की उत्तर यायचं मानशीची, म्हणजे खाजणाच्या बांधाच्या दाराशी पकडलेली सुंगटं, नाहीतर नदीतला शेवटो मासा, नाहीतर सुकी मासळी. जुलै 2018 मध्ये मासे टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण उठलं तेव्हा काकांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, "खात्री होईपर्यंत मासे नाहीत," आणि आळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, भाज्यांचं खतखतं, भात असं जेवण वाढलं. लोक तरीही आले, मीही. आता भर जुलैत मेनूकार्डावरचे सगळे मासे "मिळतील". कुठून येतात, किती दिवसांचे, हे वेटरलाही माहीत नाही.

शेवटी बिल. 5 टक्के जीएसटी ठीक, तो कायद्याचा आहे. खाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज. हा चार्ज गिऱ्हाइकाला न विचारता बिलात लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. तुमच्या बिलात दिसला तर काढायला सांगा. मी सांगितलं, त्यांनी मुकाट्यानं काढला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

गल्ल्यावर काकांचा मुलगा बसतो. लहानपणी आमच्या टेबलांमधून पळायचा. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हणाला, "भाऊ, उकडा भात आता कोण मागतो? आणि तेफळ दाताखाली आलं तर बाहेरची माणसं थुंकतात."

मी म्हटलं, "मग त्यांच्यासाठी वेगळं शिजव. दुपारी बारा ते दोन आमच्यासाठी एक टोप हुमण, एक टोप उकडा भात ठेव. तीनशे लाव, साडेतीनशे लाव. आणि वाटायला कोणी नसेल तर मावशी अजून म्हापशातच पेड्यात राहते, तिला रिक्षा पाठव, बसून सांगेल तरी."

विचार करतो म्हणाला. पुढच्या शुक्रवारी बाजाराला जाईन तेव्हा परत विचारणार आहे, आणि म्हापसेकरांनो, तुम्हीही जाल तेव्हा हेच मागा.